आग्नेय कोपरा सोडून

आमच्या घराचं सांडपाणी कुठल्या बाजूने बाहेर जातं, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मी शाळेत भूगोल शिकवतो.

महानदी सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते, शिवनाथ तिला कुठे येऊन मिळते, दोघी मिळून पुढे कुठल्या समुद्रात जातात, हे तुम्ही मला गाढ झोपेतून उठवून विचारा. फडाफडा सांगेन. पण रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरातला संडास ते समोरची नाली, हा जेमतेम सत्तर-ऐंशी फुटांचा प्रवास? त्याबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. आपण साखळी ओढतो, पाणी जातं, आपण पेपर घेऊन बाहेर येतो. याच्या पलीकडे सुसंस्कृत माणसाने चौकशी करू नये, असं माझं मत होतं.

ते मत बदलायची वेळ अगदी नको तेव्हा आली. आईला एक्याऐंशीवं लागलं होतं आणि तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला सगळ्या गोतावळ्याने दिव्यांनी ओवाळायचं, असा तो सोहळा. माझा मोठा भाऊ, दादा, नागपूरला असतो. त्याचं म्हणणं, हॉल घेऊ, एसी असेल, पाहुण्यांना बरं पडेल. आईचं म्हणणं वेगळं होतं. "मले ओवाळायचं असेल तं घरी ओवाळा," ती म्हणाली. "यांनी बांधलेल्या घरात. हॉलमध्ये मी येणार नाई." 'यांनी' म्हणजे आमच्या बाबांनी. रेल्वेच्या नोकरीत पै पै जोडून त्यांनी हे घर बांधलं, आणि आईचा जीव त्याच्या विटाविटांत आहे. ती असं बोलली की मी काहीही कबूल करून बसतो. त्या भरात मी फोनवर छाती काढून सांगितलं, "दादा, रायपूरलाच होईल! सगळी जबाबदारी माझी!"

"पाह्य बाप्पा," दादा म्हणाला. "मी हॉलवाल्याले शनिवारपर्यंत थांबवून ठेवतो. तुझ्याकडनं नाई जमलं, तं आईले समजावून इकडं घेऊन ये."

रविवारी कार्यक्रम. आणि मंगळवारी सकाळी आमच्या संडासातून आवाज आला. आवाज कसा, तर भरपेट जेवलेल्या माणसाने उठता उठता काढावा तसा. मग पाणी वर आलं, जरा थांबलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि अर्ध्या तासाने सावकाश खाली गेलं.

"एकेकानं जा, आणि मधी वेळ जाऊ द्या," सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तोडगा काढला. चौघांच्या घरात तो चाललाही असता. पण रविवारी पस्तीस-चाळीस माणसं येणार होती, आणि ती सगळी विदर्भातली. सकाळचा चहा पोटात गेला की विदर्भातला माणूस वेळ जाऊ देत नाही!

गुढियारीहून संतोष प्लंबरला बोलावलं. हा अत्यंत आत्मविश्वासाचा माणूस. काहीही न पाहता तो आधी छत्तीसगढीत म्हणतो, "टेंसन झन लेव भैया," आणि मग टेन्शनला सुरुवात होते. त्याने लांब खपच्ची, म्हणजे बांबूची कांब, आत घातली, फिरवली, बाहेर काढली, तिचं टोक उजेडात धरून पाहिलं आणि जाहीर केलं, "लाइन बइठ गे हे. टूट गे हे. पूरा बदले बर परही."

"अरे अरे! घरात असं बोलू नोको!" आई आतून ओरडली. आमच्या आईचा ठाम विश्वास आहे की वास्तुशांतीच्या वेळी पुरलेला वास्तुपुरुष घरात जे बोललं जाईल त्याला 'तथास्तु' म्हणतो. त्यामुळे आमच्याकडे 'तुटलं', 'संपलं', 'बसलं' असले शब्द उच्चारायची सोय नाही. साखर संपली तर ती 'भरपूर झाली'. संतोषला हे समजावून सांगताच त्याने हात जोडले आणि निदान बदललं, "हव दाई. लाइन बने हे. फेर बदले बर परही." लाइन उत्तम आहे, पण बदलावी लागेल!

आता प्रश्न एकच. ही उत्तम लाइन आहे कुठे? संडास घराच्या मागे, नाली घरापुढे. मधे घर. लाइन घराच्या एका अंगाने जात असणार, किंवा दुसऱ्या अंगाने. आई तेव्हा पोथी वाचत होती, म्हणून मी तिला जास्त त्रास दिला नाही. नुसतं विचारलं, "आई, आपली लाइन कुठून जाते गं?"

"मले काय माहीत बाबू? ते तुझ्या बाबांनी पाहिलं."

मी दादाला फोन केला. घर बांधताना तो बारा-तेरा वर्षांचा होता, त्याला आठवत असणार.

"उजव्या बाजूनं," दादा लगेच म्हणाला.

"उजव्या म्हणजे? घराकडे तोंड करून की रस्त्याकडे तोंड करून?"

"अरे, मी नागपुरात कुठं तोंड करू आता? उजवी म्हणजे उजवी!"

सुनंदा म्हणाली, तिला वाटतं डावीकडून. कुणाची डावी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माझी मुलगी ऋचा कॉलेजात जाते, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच येतं. ती म्हणाली, "पापा, आप तो ज्योग्राफी वाले हो ना? कंपास निकालो." मी मोबाइलवर होकायंत्र काढलं. उत्तर कुठे, दक्षिण कुठे, सगळं समजलं. लाइन कुठे ते समजलं नाही.

संतोषने मात्र नजरेनेच ठरवलं. दक्षिणेकडच्या बोळात, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत जाऊन त्याने पायाने फरशी ठोकली. "इही कोती हे भैया. इहें ले खोदबो." आणि सब्बल, म्हणजे पहार, उचलली.

"थांब!" आई पोथी टाकून धावत आली. (ती एरवी गुडघ्यांमुळे धावत नाही.) "तिथं सब्बल मारायची नाई! तो आग्नेय कोपरा आहे. तिथं वास्तुपुरुष आहे आमचा! यांनी स्वतःच्या हातानं पुरला."

संतोषने सब्बल खाली ठेवली. मी होकायंत्र पाहिलं. कोपरा खरंच आग्नेय होता. आता माझं डोकं भराभर चालायला लागलं. लाइन दोनच बाजूंनी जाऊ शकते, दक्षिणेने किंवा उत्तरेने. दक्षिणेला वास्तुपुरुष आहे. बाबा धार्मिक माणूस. ते वास्तुपुरुषाच्या उशाशी संडासाची लाइन टाकतील का? शक्यच नाही! म्हणजे लाइन उत्तरेला. मी हे सगळं अंगणात उभा राहून, हातवारे करून, सर्वांना समजावून सांगितलं. वर्गात इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकत नाही.

"हव भैया, उही कोती होही," संतोष म्हणाला. दोन मिनिटांपूर्वी त्याची लाइन दक्षिणेला होती, पण तो मताला चिकटून राहणारा माणूस नव्हता.

उत्तरेच्या बोळात मुनग्याचं झाड आहे. (पुण्याकडचे लोक त्याला शेवगा म्हणतात आणि त्याच्या शेंगा मोजून विकतात.) त्याच्या पलीकडे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे वर्माजी. वर्माजींचं पंडरीच्या बाजारात कपड्याचं दुकान, माणूस भला. खोदकाम सुरू झालं, आणि काय सांगू, हातभर खाली जाताच पाइप लागला! जुना, मातीचा, जागोजागी तडकलेला, आणि आत मुनग्याची मुळं अशी भरलेली की जणू झाडाने घरच केलं होतं. मी आनंदाने अक्षरशः उडी मारली. आयुष्यात फुटका गटारपाइप पाहून इतका आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं.

"देखा!" मी ऋचाला म्हणालो. "याला म्हणतात तर्क!"

काम जोरात चाललं. मी शाळेतून रजा काढली. जुना पाइप निघाला, नवा पाइप येऊन पडला. फक्त एक गोष्ट जरा विचित्र होती. उघड्या खड्ड्यात मधूनमधून पाणी यायचं.

"अवो, घरातले सगळे नळ बंद आहेत," सुनंदा म्हणाली. "पाणी कुठनं येऊन राहिलं?"

"भूजल," मी म्हणालो. "पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी असं झिरपतं."

"पण याले साबणाचा वास येते."

मी वास घेतला. येत होता. चंदनाच्या साबणाचा. "खनिजं असतात," मी म्हणालो. सुनंदाने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण नवऱ्याच्या पदवीवर संशय घेणाऱ्यांतली ती नव्हे. निदान तेव्हा नव्हती.

शनिवारी संध्याकाळी नवा पाइप जुन्याच्या दोन्ही टोकांना जोडून झाला. आता परीक्षा. आपल्या संडासातून रंग टाकायचा आणि बोळात बांधलेल्या नव्या चेंबरमध्ये तो येतो का पाहायचा, ही कल्पना माझी. होळीचा उरलेला गुलाल होता, तो पुडाच्या पुडा मी संडासात रिकामा केला. सुनंदा आत बादल्या घेऊन, मी बाहेर उत्तरेच्या चेंबरवर ओणवा, संतोष माझ्या शेजारी उकिडवा.

"टाक!" मी ओरडलो.

"टाकलं!" सुनंदा आतून.

काही आलं नाही.

"अजून टाक!"

"अवो, वर येऊन राहिलं!"

"थोडं थांब, जाईल ते!"

आम्ही श्वास रोखून वाकून पाहत राहिलो. आणि अचानक, खळाळत, धो धो, पाणी आलं! नव्या पाइपातून झऱ्यासारखं! संतोष "आ गे! आ गे!" करत नाचायलाच लागला. मी त्याला मिठी मारली. (नंतर आंघोळ केली.)

सुनंदा धावत बाहेर आली. तिने चेंबरमध्ये डोकावलं. "गुलाल कुठाय?"

"काय?"

"आपण गुलाल टाकला नं? पाणी तं पांढरं आहे. आणि हा फेस काहून येऊन राहिला? मी साबण कुठं टाकला?"

खरंच फेस होता. ढीगभर. आता कुणीही सामान्य माणूस इथे थांबला असता आणि विचारात पडला असता. पण मी शिक्षक आहे. उत्तर माहीत नाही असं म्हणायची आम्हाला सवय नसते. "गाळण," मी म्हणालो. "वाटेत रंग गाळला जातो. पाइप नवा आहे, घर्षणाने फेस येतो." संतोषने जोरजोरात मान हलवली. "नवा पाइप म अइसने होथे," तो म्हणाला. मग म्हणाला, सिमेंट ओलं आहे, रात्रभर वापरू नका, सकाळी बिनधास्त चालू करा. मी त्याच आनंदात दादाला फोन लावला. "हॉल सोडून दे! लाइन झाली! घरीच करायचं!" आई शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला आणि थोपटला. मला इतकं बरं वाटलं की मी रात्री शांत झोपलो. अज्ञानात फार चांगली झोप लागते.

रविवारी सकाळच्या गाडीने दादा, वहिनी, काका, मावशी, आत्याची मुलं, त्यांची मुलं असा सगळा लोंढा उतरला. दारात तोरण, अंगणात मांडव, आईच्या अंगावर हिरवी पैठणी. दादाने सगळ्या पुरुषांसाठी फेटे आणले होते, ते बांधले गेले. मग चहा झाला. आणि चहानंतर जे व्हायचं ते, एकापाठोपाठ एक, वेळ न जाऊ देता, सुरू झालं.

पहिले तीन जण गेले. चौथे काका. काका बाहेर आले ते जरा गंभीर होते. "अविनाश," ते माझ्या कानाशी म्हणाले, "ते जाऊन नाई राहिलं. येऊन राहिलं."

मी 'नवा पाइप आहे' असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाथरूममधून मावशीची किंकाळी आली. मावशी आंघोळीला बसल्या होत्या. आम्ही सगळे दाराशी धावलो. "मावशी, काय झालं?"

"अगं बाई, रक्त! जमिनीतून रक्त येऊन राहिलं!"

बायका आत गेल्या. बाथरूमच्या जाळीतून लालभडक पाणी बुडबुडत वर येत होतं. आईने 'तथास्तु'च्या भीतीने स्वतःच्याच तोंडावर हात धरला. वहिनी रामरक्षा म्हणायला लागल्या. मावशी टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर आल्या, त्यांचे पाय घोट्यापर्यंत गुलाबी. मी ओळखलं. माझाच गुलाल होता तो. तो कुठेही गेला नव्हता, गाळला गेला नव्हता. रात्रभर तिथेच बसून पाहुण्यांची वाट पाहत होता.

आणि नेमक्या याच वेळी फाटकातून हसत हसत वर्माजी आले. हातात पेढ्यांचा डबा. "बधाई हो माताजी! बधाई हो सर जी! क्या शुभ घड़ी है!" त्यांनी एक पेढा माझ्या तोंडात कोंबला. "आपके घर में पूजा क्या रखी गई, हमारे घर में चमत्कार हो गया. दो साल से हमारी लाइन चोक थी. कितने आदमी बुलाए, किसी से नहीं खुली. और कल शाम को मिसेज ने कपड़े धोए, मशीन का पानी छोड़ा, तो फर्राटे से निकल गया! एकदम फर्राटे से!"

माझ्या तोंडात पेढा होता, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. सुनंदा मात्र बोलली. अगदी हळू. "भूजल," ती म्हणाली.

मी पेढा गिळला आणि आईकडे वळलो. "आई, वर्माजींची लाइन आपल्या बोळातून जाते का गं?"

"होय तं," आई म्हणाली. "त्यांच्या बाजूला खाली सगळा दगड लागला होता. वर्माजींचे वडील यांच्याकडं आले, म्हणाले तुमच्याकडनं लाइन काढू द्या. यांनी म्हटलं, काढा नं. शेजारी म्हणजे घरचाच माणूस."

"अगं मग सांगितलं काहून नाई!"

"तू मले विचारलं, आपली लाइन कुठून जाते. त्यांची कुठून जाते, असं कुठं विचारलं?"

दादा फेटा सावरत पुढे आला. त्याचा चेहरा शांत होता, म्हणजे तो फार रागावला होता. "मी म्हटलं होतं," तो म्हणाला. "आता गाड्या बोलाव. सगळ्यांना हॉटेलात नेऊ. ओवाळणं तिथंच करू. एवढी माणसं इथं कशी राहतील?"

आई पाटावर बसली होती. चंद्राची चांदीची प्रतिमा समोर, ताटात कणकेचे दिवे, वाती भिजवलेल्या. तिने दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले होते. "इथंच नं रे?" एवढंच ती मला म्हणाली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. एक साधं काम अंगावर घेतलं होतं आणि ते मी अत्यंत व्यवस्थितपणे, स्वतःच्या देखरेखीखाली, दुसऱ्याच्या घरासाठी करून ठेवलं होतं!

वर्माजींना आधी काहीच कळेना. ऋचाने त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांच्या हातातला डबा खाली खाली आला. मग ते उत्तरेच्या बोळात जाऊन नवा चेंबर पाहून आले, परत आले, आणि माझे दोन्ही हात धरले. "सर जी," ते म्हणाले, "आपने बनवाई है, तो आप ही की हुई. माताजी यहीं बैठेंगी. हमारे नीचे दो हैं, ऊपर एक. सब खुले हैं. किसको जाना है? आइए!"

काका आधीच फाटकाबाहेर पोचले होते.

मग जी व्यवस्था लागली ती मी लावली. दुसरं कोण लावणार? आमच्या फाटकातून बाहेर, डावीकडे वळून वर्माजींच्या फाटकातून आत. (हो, रस्त्याकडे तोंड करून डावीकडे. आता मी विचारून घेतो.) वयस्कर मंडळी खालच्या दोनमध्ये, पोट्टे वरच्या मजल्यावर. मिसेस वर्मांनी तर ताज्या फऱ्यांची, म्हणजे तांदळाच्या मुटक्यांची, परात वाफवून ठेवली, त्यामुळे गेलेली माणसं लवकर परत येईनात. आत्याचा मुलगा तिकडे तीनदा जाऊन आला, त्याला दरवेळी गरज होती असं मला वाटत नाही. मावशींनी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा आंघोळ केली आणि चंदनाच्या साबणाची फार तारीफ केली.

आणि आमच्या अंगणात, बाबांनी बांधलेल्या घराच्या दारात, आईला ओवाळलं गेलं. सगळ्या सुनांनी, लेकींनी, नातवंडांनी. दादा सगळ्यांसमोर रडला म्हणे. आई हसत होती म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की त्या वेळी मी वर्माजींच्या दारात होतो. काकांना पुन्हा जावं लागलं होतं, आणि त्यांचा फेटा व चष्मा कुणीतरी धरायला हवा होता.

पुढच्याच आठवड्यात गुरुजींना विचारून, रीतसर पूजा करून आम्ही दक्षिणेची बाजू खोदली. लाइन तिथेच होती, संतोषने पहिल्यांदा पाय ठोकला होता तिथेच. ("मैं त पहिलीच बोले रहेंव," असं तो आता सगळ्या गुढियारीत सांगतो.) मग फोटोग्राफरने सोहळ्याचा अल्बम आणून दिला. आईने एकेक पान उलटवलं. पाहुणे, दिवे, पैठणी, दादा, काका, गुलाबी पायांच्या मावशी, सगळे होते. ज्याने घरीच करायचं म्हणून छाती काढली, तो एकाही फोटोत नव्हता.

हे वर्माजींना कळलं. त्यांच्या फाटकावर कॅमेरा बसवलेला आहे. त्यांनी संध्याकाळी ऋचाच्या मोबाइलवर त्याचं चित्रण पाठवलं. त्यात मी आहे. जरीच्या कुर्त्यात, डोक्यावर केशरी फेटा, एका हातात दुसरा फेटा, दुसऱ्या हातात चष्मा, खांद्यावर कुणाचा तरी टॉवेल. सकाळपासून दुपारपर्यंत आहे.

आता घरी कोणी आलं की आई तो एवढा मोठा अल्बम बाजूला ठेवते आणि ऋचाकडून मोबाइल मागून घेते. "हा माझा धाकटा," ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवते. "सगळे मले ओवाळत होते नं, तवा हा बिचारा संडासाची रांग सांभाळत होता. पण फेटा किती शोभून राहिला, पाहा!"